खवटपणाचं रसायन : ४-हायड्रॉक्सीनोनेनल शरीरात काय करतं?

पावसाळ्यात शेंगदाण्यांचा डबा महिनाभर तसाच राहिला की झाकण उघडताच एक वास येतो. चव घेऊन बघावी लागत नाही, घरातलं कुणीही नुसतं हुंगून सांगतं, "खवट झालेत." जुना चिवडा, अक्रोड, जवसाची चटणी यांचंही तेच होतं. हा वास ज्या रेणूंमुळे येतो त्यांतले बरेचसे अल्डिहाइड कुळातले असतात. तेलातल्या मेदाम्लांना हवेतला ऑक्सिजन चिकटतो, मग ती मेदाम्लं तुटतात आणि तुटताना हे छोटे तुकडे बाहेर पडतात.

हीच क्रिया आपल्या शरीरातही सतत चालू असते. पेशीभोवतीचं पटल मेदाचंच बनलेलं असतं, ऑक्सिजन आपण श्वासागणिक आत घेतो आणि रक्तात लोह असतंच. खवट व्हायला जे जे लागतं ते सगळं शरीरात हजर आहे. त्यातून निघणाऱ्या तुकड्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यास झालेला रेणू म्हणजे ४-हायड्रॉक्सीनोनेनल. हे नाव लांबलचक असल्यामुळे संशोधक त्याला एचएनई म्हणतात आणि आपणही इथे तेच म्हणू. धमन्या कडक होणं, दारूमुळे यकृत खराब होणं, पार्किन्सन्स, अल्झायमर्स अशा अनेक आजारांत या रेणूच्या खुणा सापडतात. हाच रेणू अगदी थोड्या प्रमाणात असला तर पेशीला वेळीच सावध करण्याचं कामही करतो. या दोन्ही बाजू एकत्र पाहिल्या की 'अँटिऑक्सिडंट' असं छापलेल्या बाटल्यांची आश्वासनं का फसली, तेही लक्षात येतं.

ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठात १९६०च्या दशकापासून अशा हायड्रॉक्सी-अल्डिहाइडांवर काम चालू होतं. १९८० साली इटलीतल्या सिएना इथले बेनेदेत्ती व कोम्पोर्ती आणि ग्राझचे हेरमान एस्टरबाउअर यांनी मिळून दाखवलं, की यकृताच्या पेशींतला मेद ऑक्सिजनमुळे बिघडतो तेव्हा जे विषारी द्रव्य निघतं त्यात एचएनई प्रमुख आहे. एस्टरबाउअर यांनी दोन सहकाऱ्यांसोबत १९९१ साली लिहिलेला आढावा या क्षेत्रात आजही पायाभूत मानला जातो.

एका सैल हायड्रोजनपासून सुरुवात

लिनोलेइक आम्ल हे आपल्या आहारातलं सर्वांत नेहमीचं ओमेगा-६ मेदाम्ल. १८ कार्बनची माळ आणि त्यात दोन दुहेरी बंध, एक नवव्या कार्बनपाशी आणि दुसरा बाराव्यापाशी. अकरावा कार्बन या दोन दुहेरी बंधांच्या बरोबर मध्ये सापडतो. दोन्ही बाजूंच्या ओढाताणीमुळे त्याच्यावरचे हायड्रोजन सैल बसलेले असतात. एखादा फ्री रॅडिकल, म्हणजे जोडीदाराविना राहिलेला इलेक्ट्रॉन असलेला अस्वस्थ रेणू, जवळून गेला की तो यातला एक हायड्रोजन उचलतो.

आता ते मेदाम्ल स्वतःच अस्वस्थ झालं. त्याला लगेच ऑक्सिजन चिकटतो आणि ते शेजारच्या मेदाम्लाचा हायड्रोजन ओढून घेतं. मग तो शेजारीही तेच करतो. एका ठिणगीतून साखळी सुरू होते ती अशी. पेशीपटलात ही मेदाम्लं एकमेकांना खेटून उभी असल्यामुळे साखळी भराभर पुढे सरकते. मागे राहतात ती पेरॉक्साइडं, म्हणजे ऑक्सिजन चिकटलेली मेदाम्लं. लोहाचा किंवा तांब्याचा आयन भेटला, किंवा भरपूर उष्णता मिळाली, की ती फुटतात आणि त्यातून एचएनई निघतं.

एचएनईत ९ कार्बन, १६ हायड्रोजन आणि २ ऑक्सिजन असतात. हे ९ कार्बन मूळ मेदाम्लाच्या शेपटीकडचे. शेपटीकडून मोजत गेलं तर सहाव्या कार्बनवर ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसलेली दिसते. ओमेगा-६ मेदाम्लात शेपटीकडून पहिला दुहेरी बंध लागतो तोही सहाव्याच कार्बनवर. म्हणजे हा तुकडा आपण कुठून आलो याची खूण अंगावर घेऊनच फिरतो. लिनोलेइक आणि अॅराकिडोनिक ही दोन्ही आम्लं ओमेगा-६ असल्यामुळे दोघांपासूनही एचएनई बनतं. मासळीत किंवा जवसात असणाऱ्या ओमेगा-३ मेदाम्लांपासून एचएनई बनत नाही. त्यांच्यापासून ६ कार्बनचं धाकटं भावंड निघतं, ४-हायड्रॉक्सीहेक्सेनल.

आणखी एका भावंडाशी मात्र याची गल्लत करू नये. जपानमधल्या संशोधकांनी २००१ साली दाखवलं, की चाळिशीनंतर त्वचेवर २-नोनेनल नावाचं द्रव्य सापडू लागतं आणि वयस्कर माणसांच्या अंगाला येणाऱ्या विशिष्ट वासाशी त्याचा संबंध आहे. तेही ९ कार्बनचंच अल्डिहाइड, फक्त ती ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी त्यात नाही. ते येतं त्वचेवरच्या ओमेगा-७ मेदाम्लांपासून. समाजमाध्यमांवर या दोघांची नावं सर्रास एकमेकांच्या जागी वापरली जातात.

कढईतलं एचएनई

जी क्रिया डब्यात महिनाभर घेते ती कढईत काही तासांत होते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या सारी चलानी यांच्या प्रयोगशाळेने सोयाबीनचं तेल १८५ अंश सेल्सिअसला काही तास तापवून मोजमाप केलं, तेव्हा त्यात एचएनई तयार होऊन साठत गेलेलं आढळलं. अशा तेलात तळलेल्या बटाट्यातही ते उतरतं.

कोणत्या तेलात ते जास्त बनेल, हे त्या तेलातल्या लिनोलेइक आम्लावरून सांगता येतं. नेहमीच्या करडई तेलात ते ७० ते ७५ टक्के असतं, सूर्यफुलात ६० च्या आसपास, सोयाबीनमध्ये ५० च्या वर, तिळाच्या तेलात ४० च्या पुढे. शेंगदाणा तेलात साधारण ३० टक्के, पाम तेलात १० आणि खोबरेल किंवा तुपात दोन-तीन टक्केच. सोलापूर-मराठवाड्याकडे पिढ्यान्‌पिढ्या खाल्लं जाणारं करडईचं तेल फोडणीला, चटणीवर कच्चं घ्यायला उत्तम आहे. पण तेच तेल कढईत भरून तासन्‌तास तापवायचं, गाळून ठेवायचं आणि परत तापवायचं, हे त्याच्या स्वभावालाच मानवत नाही. ओलेइक आम्ल जास्त असलेल्या करडईच्या आणि सूर्यफुलाच्या तेलाला ही अडचण बरीच कमी येते. बाटलीवर 'हाय ओलेइक' लिहिलेलं असतं.

हे वाचून बियांची तेलं विष आहेत असा निष्कर्ष काढू नये. हल्ली तसा प्रचार जोरात आहे आणि तो चुकीचा आहे. लिनोलेइक आम्ल शरीराला स्वतः बनवता येत नाही, ते अन्नातूनच यावं लागतं. त्वचेचा पाणी धरून ठेवणारा थर त्यावाचून उभा राहत नाही. गोम ताज्या तेलात नाही. ती आहे तापमानात, वेळात आणि पुन्हा पुन्हा वापरण्यात.

घरी तळताना नेमकं काय चुकतं? पहिली गोष्ट, धूर निघेपर्यंत तेल तापवणं. पुऱ्या, वडे, भजी यांना १७० ते १८० अंश पुरतात. पिठाचा छोटा गोळा टाकल्यावर तो तळाशी जाऊन लगेच बुडबुड्यांसह वर आला की तेल तयार आहे. टाकताक्षणी तपकिरी पडला तर आच कमी करायला हवी. दुसरी, तळाशी राहिलेला बेसनाचा चुरा. तो जळत राहतो आणि त्यासोबत तेलही बिघडत जातं, म्हणून घाण्याघाण्यांच्या मधे झाऱ्याने चुरा काढावा आणि तेल गार झाल्यावर कापडातून गाळावं. तिसरी चूक सर्वांत जास्त घरांत होते: उरलेल्या जुन्या तेलात नवं तेल ओतून कढई भरणं. जुन्या तेलात पेरॉक्साइडं आधीच तयार असतात आणि त्यांच्यापासून नव्या तेलात साखळी लगेच सुरू होते. नव्या तेलाचं आयुष्य त्यामुळे घटतं. उरलेलं तेल दोन-तीन दिवसांत भाजीला, फोडणीला संपवावं, पुन्हा तळणीला घेऊ नये.

तेल साठवताना तांब्या-पितळेचं भांडं नको, कारण तांबं ही क्रिया फार वेगाने पुढे नेतं. लोखंडी कढईत तळायला हरकत नाही, पण तळून झाल्यावर तेल रात्रभर तिच्यातच ठेवू नये. पारदर्शक बाटली खिडकीत ठेवली की प्रकाशामुळेही तेल बिघडतं. घाण्याचं, न गाळलेलं तेल हिरवट असेल तर त्यातलं हरितद्रव्य प्रकाश शोषून ऑक्सिजनला जास्त आक्रमक करतं, त्यामुळे ते तेल अंधारातच हवं. जवसाची चटणी आठवड्यापुरतीच करावी.

तेल कधी टाकून द्यायचं, हे नुसत्या रंगावरून ठरवता येत नाही. हळद-तिखटाने चांगलं तेलही गडद होतं. पूर्वीपेक्षा कमी आचेवर धूर येऊ लागणं, तळताना बारीक, न विरणारा फेस येणं आणि गार झाल्यावर तेल पाकासारखं चिकट लागणं, या जास्त भरवशाच्या खुणा आहेत. व्यावसायिक तळणीसाठी देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून मर्यादा घातली आहे: तेलातली एकूण ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरता येत नाही. हातात धरता येणाऱ्या, कढईत बुडवायच्या मीटरने ती मोजता येतात. या संयुगांत एचएनई हा अगदी लहान वाटा असतो, पण ती वाढतात तेव्हा तेलाचा सगळाच बिघाड वाढलेला असतो. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणीला वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची आणि वापरलेलं तेल अधिकृत संकलकाला द्यायचं, असाही नियम आहे. त्या तेलापासून बायोडिझेल बनवतात.

रेणू चिकटतो कसा

अन्नातून येणारं एचएनई आतड्याच्या अस्तरात आणि यकृतात बरंचसं निकामी केलं जातं. आजारांच्या संदर्भात ज्याची चर्चा होते ते मुख्यतः शरीरात, जागच्या जागी तयार झालेलं. पण ९ कार्बनचा एक तुकडा एवढा उपद्रवी का?

त्याच्या एका टोकाला अल्डिहाइड आहे, म्हणजे ऑक्सिजनला दुहेरी बंधाने जोडलेला कार्बन. त्याला लागूनच कार्बन-कार्बन दुहेरी बंध आहे. टोकाचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो आणि ती ओढ दुहेरी बंधातून तिसऱ्या कार्बनपर्यंत पोचते. तिसरा कार्बन इलेक्ट्रॉनांसाठी भुकेलेला राहतो. प्रथिनांत सिस्टिन, हिस्टिडिन आणि लायसिन या अमिनो आम्लांकडे द्यायला इलेक्ट्रॉन असतात. एचएनई त्यांनाच जाऊन धरतं: सर्वांत आधी सिस्टिनच्या गंधकाला, मग हिस्टिडिनला, मग लायसिनला. एकदा जोडणी झाली की चौथ्या कार्बनवरची ती ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी वळून अल्डिहाइडला मिळते आणि पाच अणूंचं कडं तयार होतं. कडं बसलं की जोड सहजासहजी सुटत नाही.

या सगळ्यात त्याचं शांत असणंच जास्त धोक्याचं ठरतं. फ्री रॅडिकल जन्मतो तिथेच, क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात काहीतरी धरून संपतो. एचएनई त्या मानाने दीर्घायुषी आहे. त्याच्यावर विद्युतभार नाही, मेदातून आणि पाण्यातून दोन्हीकडून ते वाट काढतं. म्हणून पटलावर झालेल्या बिघाडाची झळ ते पेशीच्या केंद्रकातल्या डीएनएपर्यंत नेऊ शकतं.

साफसफाईची व्यवस्था

पेशींना हा पाहुणा नवा नाही. पहिला बंदोबस्त तर एचएनई बनण्याच्या आधीच होतो. पटलात बसलेलं ई जीवनसत्त्व साखळी तोडतं आणि जीपीएक्स-४ नावाचं विकर (एन्झाइम) पेरॉक्साइडांना निरुपद्रवी अल्कोहोलात बदलतं. या विकराच्या गाभ्यात सेलेनियम असतं. हे विकर बंद पडलं तर लोहाच्या मदतीने मेद बेलगाम बिघडत जाऊन पेशी मरते. अशा मृत्यूला २०१२ साली 'फेरोप्टोसिस' हे नाव मिळालं.

त्यातूनही जे एचएनई सुटतं त्याच्यासाठी तीन वाटा आहेत. ग्लुटाथायोन या गंधकयुक्त रेणूला ते चिकटवून टाकायचं, ही मोठी वाट. जीएसटीए-४ हे विकर खास त्याच कामात तरबेज आहे. दुसऱ्या वाटेवर एएलडीएच-२ हे मायटोकाँड्रियातलं विकर अल्डिहाइडचं आम्ल करून टाकतं. तिसऱ्या वाटेवर अल्डोज रिडक्टेजसारखी विकरं त्याचं अल्कोहोल करतात. धडधाकट यकृतपेशींना एचएनई दिलं तर त्यातलं बहुतेक सगळं काही मिनिटांतच नाहीसं होतं. शेवटी उरलेला माल लघवीवाटे बाहेर पडतो.

ही व्यवस्था कधी कोलमडते? ग्लुटाथायोन संपलं की. तंबाखूच्या धुरात अॅक्रोलीन हे याच घडणीचं अल्डिहाइड असतं आणि तेही ग्लुटाथायोनच खातं. शिवाय एएलडीएच-२च्या गाभ्यातही एक सिस्टिन आहे. एचएनई फार वाढलं तर ते त्या सिस्टिनलाच धरतं, म्हणजे सफाई करणारं विकरच अडकून पडतं. तिथून पुढे बिघाड आणखी वेगाने वाढतो.

थोडं असलं तर कामाचं

पेशीत कीप-१ नावाचं एक प्रथिन पहारेकऱ्यासारखं असतं. ते एनआरएफ-२ या दुसऱ्या प्रथिनाला धरून ठेवतं आणि नष्ट करायला पाठवत राहतं. कीप-१वर सिस्टिनांची रांगच आहे. थोडंसं एचएनई येऊन त्यांना चिकटलं की त्याची पकड सुटते, एनआरएफ-२ केंद्रकात जातं आणि ग्लुटाथायोन बनवणारी, अल्डिहाइड साफ करणारी जनुकं चालू करतं. म्हणजे एचएनई स्वतःच्या बंदोबस्ताची वर्दी स्वतः देतं. ही वर्दी पोचलीच नाही तर पेशी पुढच्या मोठ्या हल्ल्यासाठी तयार राहत नाही.

दुसरं उदाहरण प्रत्येक मराठी घरातलं आहे. लोणच्यासाठी मोहरी फेसताना नाकात जो झणका जातो तो मज्जातंतूंवरच्या टीआरपीए-१ या वाहिनीमुळे, म्हणजे पेशीपटलातल्या एका छोट्या दारामुळे. मोहरीतलं अॅलिल आयसोथायोसायनेट तिच्या सिस्टिनांना चिकटतं, वाहिनी उघडते आणि मेंदूला ठणका कळतो. २००७ साली सिद्ध झालं की एचएनईही हीच वाहिनी उघडतं. सुजलेल्या भागात मेद बिघडून एचएनई वाढतं आणि तिथल्या मज्जातंतूंना आतूनच मोहरी लागल्यासारखं होतं. सूज आली की दुखतं, त्यामागच्या अनेक कारणांपैकी हे एक.

आजारांत काय दिसतं

धमन्यांपासून सुरुवात करू. रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणाऱ्या एलडीएल कणात कोलेस्टेरॉलला जोडलेलं लिनोलेइक आम्ल भरपूर असतं. हा कण धमनीच्या अस्तराखाली अडकून पडला की तिथे त्यातला मेद बिघडू लागतो. तयार झालेली अल्डिहाइडं कणाभोवतीच्या अपो-बी प्रथिनाच्या लायसिनांवर बसतात आणि कणाचा चेहराच बदलतो. मॅक्रोफेज पेशींना तो कचरा वाटतो, त्या तो गिळत सुटतात. गिळण्यावर लगाम नसल्याने त्या चरबीने फुगतात आणि धमनीतला थर वाढत जातो. आधी कण अस्तराखाली अडकावा लागतो, म्हणून एलडीएल कमी करण्याच्या औषधांनी फायदा होतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

यकृतात दारू दोन्हीकडून मार देते. दारू पचवताना सीवायपी-२ई-१ हे विकर वाढतं आणि त्याच्या कामातून फ्री रॅडिकल सांडतात, म्हणजे एचएनई जास्त बनतं. त्याच वेळी दारूपासून निघालेलं अॅसिटाल्डिहाइड एएलडीएच-२ला गुंतवून ठेवतं, म्हणजे एचएनईची सफाई कमी होते. पूर्व आशियात कोट्यवधी लोकांमध्ये या विकराचं जनुक जन्मतःच कमजोर असतं. एक पेला घेतला तरी त्यांचा चेहरा लाल होतो आणि दारू घेतली तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका त्यांच्यात बराच वाढतो. भारतातल्या बहुतेक समाजांत हा बदल विरळ आहे.

मेंदू शरीराच्या वजनाच्या २ टक्के असून सुमारे २० टक्के ऑक्सिजन वापरतो आणि त्यात बहुअसंतृप्त मेदाम्लं खच्चून भरलेली असतात. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जपानी अभ्यासात मृत्यूनंतर मेंदूच्या 'सब्स्टँशिया नायग्रा' या भागातल्या पेशी तपासल्या. पार्किन्सन्स असलेल्यांमध्ये सरासरी ५८ टक्के चेतापेशींवर एचएनई चिकटलेली प्रथिनं दिसली, इतरांमध्ये फक्त ९ टक्क्यांवर. फरक डोळ्यात भरणारा आहे. पण तपासलेली माणसं मोजकी होती आणि मेलेल्या मेंदूतल्या खुणेवरून आग आधी लागली की धूर, ते ठरवता येत नाही. अल्झायमर्सच्या बाबतीतही हीच अडचण आहे. मरू घातलेली कुठलीही पेशी एचएनई बनवते. म्हणून 'एचएनईमुळे अल्झायमर्स होतो' असं वाक्य कुठे वाचलं तर ते पुराव्याच्या पुढे गेलेलं आहे असं समजावं.

कारण आणि परिणाम स्पष्ट जोडलेला असा एक दुर्मीळ आजार मात्र आहे, शोग्रेन-लार्सन सिंड्रोम. स्वीडनमध्ये १९५७ साली त्याचं सविस्तर वर्णन झालं. त्यात लांब साखळीची मेद-अल्डिहाइडं आम्लात बदलणाऱ्या एएलडीएच-३ए-२ या विकराचं जनुक दोन्ही पालकांकडून बिघडलेलं येतं. मूल जन्मतःच माशाच्या खवल्यांसारखी कोरडी, जाड त्वचा घेऊन येतं. पुढे पाय ताठरतात आणि बौद्धिक वाढ मागे पडते. इथली मुख्य अडचण एचएनईची नसून १६ ते २० कार्बनच्या अल्डिहाइडांची आणि अल्कोहोलांची आहे. पण सफाईतलं एक विकर गेलं तर त्वचा आणि मेंदू दोन्ही कसे कोलमडतात, ते याहून स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही. नात्यातल्या लग्नांत अशा आजारांची शक्यता वाढते आणि भारतातही असे रुग्ण आढळले आहेत, म्हणून बाळाच्या खवलेदार त्वचेसोबत पाय कडक वाटले तर त्वचारोगतज्ज्ञासोबत बालमज्जाविकारतज्ज्ञालाही दाखवावं.

गोळ्यांनी का जमलं नाही

मेद बिघडतो, ई जीवनसत्त्व तो बिघाड थांबवतं, तर मग गोळ्या घ्याव्यात, हा विचार सरळ वाटतो. तो मोठ्या प्रमाणावर तपासूनही झाला आहे. 'होप' या चाचणीत हृदयविकाराचा धोका असलेल्या ९,५४१ जणांपैकी निम्म्यांना रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व सुमारे साडेचार वर्षं दिलं. २०००मध्ये निकाल आला तेव्हा हृदयविकार वा पक्षाघात यांत काहीच फरक पडला नव्हता. 'सिलेक्ट' चाचणीत ३५,००० हून अधिक पुरुष होते. २०११च्या निकालात ४०० युनिट घेणाऱ्यांमध्ये प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्क्यांनी जास्त आढळला.

रसायनाकडे पाहिलं तर यात नवल नाही. ई जीवनसत्त्व साखळी तोडतं, पण तयार झालेलं एचएनई उचलत नाही. ते काम ग्लुटाथायोनचं आणि विकरांचं. शिवाय नेहमीचं जेवण जेवणाऱ्या माणसाच्या पटलात हे जीवनसत्त्व आधीच पुरेसं असतं. ज्यांच्यात ते खरोखर कमी आहे, उदाहरणार्थ ते यकृतातून रक्तात पोचवणारं प्रथिनच जन्मतः सदोष असलेले रुग्ण, त्यांचा तोल जातो, चाल बिघडते, आणि त्यांना मोठ्या मात्रेतल्या याच गोळ्या तारतात. हा निर्णय डॉक्टरांचा. औषधाच्या दुकानातून आपल्या मनाने वर्षानुवर्षं ४०० युनिटची कॅप्सूल घेत राहण्याला आधार नाही.

मोजताना होणाऱ्या चुका

'ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल' नावाच्या तपासण्या हल्ली विकल्या जातात. त्यांत अनेकदा असते ती टीबीएआरएस चाचणी: नमुना थायोबार्बिट्युरिक आम्लाबरोबर उकळायचा आणि गुलाबी रंग किती आला ते मोजायचं. हा रंग मुख्यतः मॅलॉनडायअल्डिहाइड या वेगळ्याच रेणूचा असतो, आणि इतर शर्करा व रंगद्रव्यंही त्यात भर घालतात. एचएनई या रंगातून कळत नाही. त्यासाठी मास स्पेक्ट्रोमीटर लागतो, किंवा एचएनई चिकटलेली प्रथिनं ओळखणारी प्रतिपिंडं, किंवा लघवीत उतरलेला त्याचा शेवटचा अंश मोजावा लागतो. रक्तातलं मोकळं एचएनई मोजण्यापेक्षा लघवीतला हा अंश जास्त भरवशाचा, कारण तो स्थिर असतो.

पेशींवरच्या प्रयोगांबद्दलच्या बातम्या वाचतानाही एक आकडा शोधावा: किती मायक्रोमोलर (द्रावणातलं प्रमाण मोजायचं एकक)? निरोगी माणसाच्या रक्तात मोकळं एचएनई साधारण १ मायक्रोमोलरच्या आतबाहेर असतं. प्रयोगात १०० मायक्रोमोलर एकदम ओतलं तर पेशी मरणारच, त्यातून शरीराबद्दल फारसं कळत नाही. उलट बाजूची चूकही होते: पेशींच्या द्रावणात सीरम असेल तर त्यातलं अल्ब्युमिन एचएनई आधीच धरून बसतं आणि पेशींपर्यंत जेमतेम काही पोचतं.

अशा तपासणीवर पैसे घालण्याआधी प्रयोगशाळेला विचारावं: कोणता रेणू मोजणार, कोणत्या पद्धतीने, आणि नमुना कसा ठेवणार? रक्त काढल्याबरोबर त्यात धातू बांधून ठेवणारं ईडीटीए आणि साखळी थांबवणारं बीएचटी घालावं लागतं, थंडाव्यात प्लाझ्मा वेगळा करून तो उणे ८० अंशांना गोठवावा लागतो. संकलन केंद्रावर घेतलेली नळी संध्याकाळच्या गाडीपर्यंत टेबलावर पडून राहिली, तर रक्तातला मेद त्या नळीतच खवट होत जातो आणि अहवालात येतो तो त्याचाच आकडा.